बीज टाकण्याआधी जाळं ओढा: आमच्या बोडीवर आलेल्या ढिवर गटाबद्दल

भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यात, माझ्या माहेरच्या गावाला लागून, आम्ही बहीण-भावांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये सहा एकर धानाची शेती घेतली. शेतीसोबत एक बोडी आली. पूर्व विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते: बोडी म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला मातीची पाळ घालून पावसाचं पाणी अडवलेला खासगी तलाव. मालगुजारांचे, म्हणजे जुन्या जमीनदारांचे, मोठे तलाव मालगुजारी संपवणाऱ्या १९५० च्या कायद्यानंतर सरकारकडे गेले. शेतातल्या लहान बोड्या शेतमालकांकडेच राहिल्या, आणि जमिनीबरोबर त्याही विकल्या-घेतल्या जातात. आमची बोडी सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून ०.८० हेक्टर दिसते. सप्टेंबरात पाळीजवळ आठ फूट पाणी असतं, मेमध्ये गुडघ्याच्या थोडं वर.

या बोडीतल्या माशांसाठी गेल्या दोन वर्षांत मी तिघांना पैसे दिले. एक मत्स्यबीज विक्रेता, एक नागपूरचा सल्लागार आणि शेजारच्या गावातला, मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या आठ-नऊ जणांचा गट. लिहायचंय ते या गटाबद्दल. त्यांच्याकडे पाटी नाही, पावतीपुस्तक नाही, कुठे नाव शोधायला जाल तर सापडणार नाही. आसपासच्या पाच-दहा गावांत बोडीवर जाळं ओढायचं म्हटलं की लोक त्यांनाच निरोप धाडतात. ज्यांनी नुकतीच बोडी, शेततळं किंवा तलाव असलेली जमीन घेतली आहे, त्यांनी हे सगळं वाचावं अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण माझं पहिलं वर्ष आणि पहिले पैसे वाया गेले ते हे माहीत नव्हतं म्हणून.

पहिल्या वर्षी मी घाई केली. जुलै २०२३ मध्ये बोडी भरत आली तशी कुणीतरी दिलेल्या नंबरावर फोन केला आणि दहा हजार बीज मागवलं. पिकअपमधून प्लास्टिकच्या फुगलेल्या पिशव्या आल्या, तळाशी पाणी आणि वर प्राणवायू. आतली पिल्लं फार तर इंचभर. विक्रेत्यानं दुपारी दोनच्या उन्हात पिशव्या कापल्या, सरळ पाण्यात ओतल्या, पैसे घेतले आणि गेला. बिलावर ‘कतला, रोहू, मृगळ मिक्स’ एवढंच. डिसेंबरात भाच्यानं फेकजाळं टाकून पाहिलं. बारा वेळा टाकलं. दर वेळी तळहाताएवढे टिलापिया वर आले, कतल्याचं एक खवलंही दिसलं नाही.

सल्लागारानं फोनवर फोटो मागितले आणि आठवड्यानं छापील आराखडा पाठवला: ब्लिचिंग पावडरनं बोडी साफ करा, आठ हजार बोटुकली सोडा, रोज खाद्य टाका, हवा खेळवायची दोन यंत्रं बसवा. आमच्या बोडीवर वीज नाही. ते त्यांनी विचारलं नव्हतं. ऑक्टोबरात धानाला शेवटचं पाणी द्यायला खालचे चार शेतकरी याच बोडीचं पाणी घेतात, त्यांची वहिवाट आहे, तेही विचारलं नव्हतं. फी त्यांनी आधीच घेतली होती.

जानेवारी २०२४ मध्ये ढिवर गटाचे म्होरके पहिल्यांदा आले. सत्तरीच्या पुढचे आहेत, सगळे त्यांना बाबा म्हणतात, मीही म्हणते. आल्यावर त्यांनी बीजाचं नाव काढलं नाही की पैशांचं. सोबतच्या एका पोराला घेऊन पाळीवरून, मग मागच्या काठानं, चिखलातून दोन तास फिरले. पाणी कुठून येतं, सांडव्यावरून कुठल्या नाल्यात जातं, तो नाला पुढे कुणाच्या तलावाला मिळतो, तुडूम (पाळीतून पाणी सोडायची मोरी) गळतं का, ऑक्टोबरात किती पाणी खाली सोडता, शेवटची बोडी पूर्ण कोरडी कधी पडली होती, आधीच्या मालकानं काय सोडलं होतं, म्हशी किती बसतात. शेवटच्या काही प्रश्नांची उत्तरं मला येत नव्हती, तर ते स्वतः जाऊन जुन्या मालकाच्या गड्याला विचारून आले. बोडी आठ वर्षांत कोरडी पडली नव्हती.

मी म्हटलं, बाबा, या पावसाळ्यात किती बीज टाकू? ते म्हणाले, “बाई, घर घेतलं तं पयले आत कोन रायते थे पायतो ना जी आपन? मंग नवे लोक आनतो.”

दोन दिवसांनी सात जण ओढायचं जाळं घेऊन पहाटे आले. थंडी कडाक्याची होती, पाण्यावर वाफ होती. जाळं बोडीच्या रुंदीएवढं, वरच्या दोरीला तरंगणारे गोळे, खालच्या दोरीला शिशाच्या गोळ्या. दोन्ही काठांवर दोघं-दोघं, तिघं मध्ये पाण्यात, खालची दोरी पायानं दाबत. मधल्यांचं काम सगळ्यात अवघड, कारण खालची दोरी वीतभर उचलली गेली तरी तळचे मासे निसटतात आणि मग मोजणीला अर्थ राहत नाही. बोडीत दोन बुडालेली बाभळीची खोडं होती. ती त्यांनी आदल्या दिवशी येऊन बाहेर काढली होती, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. जाळं तीनदा ओढलं. तिसऱ्यांदा पहिल्या वेळच्या चौथाईही मासे आले नाहीत, तेव्हा बाबा म्हणाले, आता जे कळायचं ते कळलं.

मग काठावर ताडपत्री पसरून जातवार ढीग केले आणि आमच्याच धानाच्या काट्यावर वजन केलं. मी बँकेत चौतीस वर्षं आकडे लिहिले आहेत, त्यामुळे वही माझ्याकडेच होती. एकूण ९६ किलो. त्यात टिलापिया ६१ किलो. मरळ नऊ, मिळून १४ किलो, सगळ्यात मोठी तीन किलोंच्या वर. शिंगी आणि मागूर ६ किलो. लहान स्थानिक मासे, टेंगरा, खवल्या, बारके झिंगे वगैरे ८ किलो. आणि मी सोडलेल्या दहा हजारांपैकी अकरा मासे, ७ किलो. अकरांतले सात सायप्रिनस (परदेशी कार्प मासा) निघाले, जे मी मागितलेच नव्हते. कतला एक.

ती वही अजून माझ्याकडे आहे. मला वाटतं, बोडीवर मी केलेला सगळ्यात उपयोगी खर्च त्या दिवसाचा होता: सात माणसांची पाचशेप्रमाणे मजुरी आणि निघालेल्या माशांतला चौथा हिस्सा. हिस्सा घेताना त्यांनी टिलापियाच घेतला. मरळ बाजारात सगळ्यात महाग जाते, तिला हात लावला नाही. तिचं काय करायचं ते मालक ठरवेल, म्हणाले.

नऊ मरळी आणि इंचभराचं बीज एकत्र असेल तर काय होतं, ते बाबांनी एका मरळीचा जबडा उघडून दाखवलं. आतले दात बोटाला टोचतात. बीज टाकायचंच असेल तर चार इंचांच्या खाली टाकू नका, आणि पसाभरापेक्षा मोठी मरळ आत असेल तर तेही टाकू नका, असं त्यांचं म्हणणं. पण खरी अडचण मरळ नव्हतीच, टिलापिया होती. हा मासा आपला नाही, १९५२ मध्ये देशात आणला गेला. उजनीवर त्याला चिलापी म्हणतात आणि तिथे त्याच्यावर बाजार चालतो, पण आमच्यासारख्या लहान पाण्यात तो वाढत नाही, वाढतो तो फक्त आकडा. दोन-तीन महिन्यांचा झाला की अंडी, पुन्हा दोन-तीन महिन्यांनी त्यांच्या पिल्लांची अंडी. सगळे मिळून जे खायचं ते खातात आणि सगळेच तळहाताएवढे राहतात. कतला, रोहू, मृगळ यांचं उलट. ते उभ्या पाण्यात अंडी घालतच नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून त्यांचं बीज दरवर्षी विकतच घ्यावं लागतं. इंजेक्शन देऊन या माशांची अंडी काढण्याचं तंत्र ओडिशातल्या अंगुल इथे १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधुरी आणि डॉ. अलीकुन्ही यांना साधलं, आणि तो दिवस आजही मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. तोवर बीज मुख्यतः नदीतूनच गोळा करावं लागे. म्हणजे आपण सोडतो ते मासे आपण होऊन संख्येनं वाढणार नाहीत, आणि नको असलेले थांबणार नाहीत. बोडीतल्या माशांचा सगळा हिशोब या एका गोष्टीवर उभा आहे, आणि आराखड्याच्या बारा पानांत ती नव्हती.

बाबांनी मे महिन्याची वाट पाहायला सांगितलं. मी म्हटलं, आत्ताच जाळी ओढून टिलापिया काढून टाकू. ते म्हणाले, दहा वेळा ओढलं तरी दोन राहतील आणि दोन पुरे आहेत.

मे २०२४ च्या तिसऱ्या आठवड्यात बोडीचं पाणी पाव एकरावर आलं, खोली साधारण दोन फूट. नऊ जण आले, दोन दिवस. पहिल्या दिवशी पुन्हा जाळं ओढलं, पण या वेळी राखायचे मासे वेगळे करायला. शिंगी, मागूर, टेंगरा, बारके मासे, सगळे पाण्यानं भरलेल्या ड्रमांतून भावाच्या मित्राच्या शेततळ्यात नेले. शिंगी-मागूर हवेतूनही श्वास घेतात, ते तगले. बारक्यांपैकी बरेच वाटेत मेले, आणि त्या दिवशी बाबांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. ड्रम तीनऐवजी सहा हवे होते, हे त्यांनी स्वतःच कबूल केलं. मरळी विकल्या. एका टिलापिया मादीचं तोंड त्यांनी हलकेच दाबलं तर त्यातून पंधरा-वीस पिल्लं तळहातावर पडली. ती अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, म्हणून तिची पिल्लं फारशी मरत नाहीत. ते पाहिल्यावर जाळ्यानं भागणार नाही हे मला पटलं.

दुसऱ्या दिवशी मोहाची ढेप. आमच्याकडे मोहाच्या बियांचं तेल पूर्वी घरोघर खात, दिव्याला वापरत. तेल काढून उरणारी ही ढेप. तिच्यात सॅपोनिन असतं, ते माशाच्या कल्ल्यांतून रक्तात जाऊन तांबड्या पेशी फोडतं. प्रमाण असं धरतात: एक हेक्टर पसरलेल्या एक मीटर खोल पाण्याला अडीच हजार किलो. आमचं पाणी ०.१० हेक्टर, खोली ०.६ मीटर, म्हणजे दीडशे किलो, पन्नासची तीन पोती. सप्टेंबरच्या भरल्या बोडीत हेच करायला गेलो असतो तर ढेपेचा ट्रक लागला असता. मे महिन्याची वाट पाहण्याचं कारण हे. ढेप रात्रभर भिजवून सकाळी उन्हात सगळीकडे शिंपली, मग रिकामं जाळं ओढून ढवळली. तासाभरात टिलापिया वर येऊन तोंडं काढायला लागले. दुपारपर्यंत काठ पांढरा झाला. मेलेले मासे खाता येतात, आणि लोकांनी नेले. विषाचा जोर दोन-तीन आठवडे राहतो, नंतर तीच ढेप कुजून खत होते. ब्लिचिंगनंही मासे मरतात, पण बाबांनी ढेपच घ्यायला लावली, कारण ती गावात मिळते आणि मागे खत राहतं.

इथे एक इशारा. ढेप काही निवडून मारत नाही. गोगलगायी, बेडकांची पिल्लं, जे आत असेल ते जातं. गुरं तीन आठवडे त्या पाण्यावर जाऊ द्यायची नाहीत. पाणी वाहून खालच्या नाल्यात जात असेल तर टाकायचीच नाही. आमचा सांडवा मेमध्ये कोरडा होता आणि तुडूम बंद करून वर चिखलाचा लेप दिला होता, म्हणून गट तयार झाला. शेजारच्या गावात एका मालकानं पहिल्या पावसानंतर ढेप टाकायला बोलावलं तर त्याला बाबांनी साफ नकार दिला, तो जास्त पैसे देत असूनही. त्या नकारामुळे माझा त्यांच्यावरचा विश्वास पक्का झाला.

बीज घ्यायला ऑगस्ट २०२४ मध्ये बाबांचा मुलगा माझ्यासोबत आला. त्यानं आधी सांगून ठेवलं होतं: आत्या (भाच्याचं ऐकून तोही मला आत्या म्हणतो), जिरे घेऊ नका, बीज घेऊ नका, बोटुकलीच घ्या. नव्या माणसासाठी सांगते, अंड्यातून निघून तीन-चार दिवसांचं ते जिरे, इंच-दीड इंचाचं ते बीज, बोटाएवढी झाली की बोटुकली. जिरे स्वस्त आणि बोटुकली महाग, पण जिऱ्यातून किती जगतील याचा नेम नाही. आम्ही चार इंची बोटुकली चार रुपयांप्रमाणे दोन हजार घेतली. कतला ७००, रोहू ७००, मृगळ ६००. कतला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, म्हणून तिन्ही. तीन जाती तीन वेगळ्या टाक्यांतून, तिथल्या तिथे पाहून. त्यानं प्रत्येक टाकीतून एक भांडं भरून मोजलं, मग भांडी मोजली. कतल्याचं डोकं मोठं आणि तोंड वर वळलेलं, मृगळाचं तोंड खाली आणि ओठ पातळ, रोहूच्या ओठांना झालर. चार इंचांवर हे साध्या डोळ्यांनी दिसतं. इंचभराच्या बीजात मला काहीच दिसलं नव्हतं आणि तिथेच माझी फसगत झाली.

पुस्तकांत हेक्टरी पाच-सहा हजार बोटुकली लिहिलेली असते. ते रोज खाद्य देणाऱ्यांसाठी. आमच्याकडे रोज खाद्य नाही, वीज नाही, आणि ऑक्टोबरात निम्मं पाणी धानाला जातं. बाबांनी सप्टेंबरच्या नाही तर जानेवारीच्या पाण्यावर हिशोब धरला आणि दोन हजारांवर थांबले. गवत खाणारा ग्रासकार्प मी मागत होते, कारण पाण्यात चिला, म्हणजे पाण्याखाली वाढणारं गवत, फार माजला होता. त्यांनी नाही म्हटलं. चिल्यात बारके मासे अंडी घालतात, झिंगे राहतात, तो खाल्ला की बोडी उघडी पडते. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवर सहकारी संस्थांना बरोबर घेऊन तलावांत स्थानिक पाणवनस्पती मुद्दाम लावल्या आणि काठावर माजणारी बेशरमची झुडपं काढली, ते काम यांच्या नात्यातल्या लोकांनी केलेलं आहे. मीही मग हट्ट सोडला. एका बाजूचा चिला हातानं काढला, दुसऱ्या बाजूचा आणि देवधानाचा (रानटी धानाचा) पट्टा तसाच ठेवला.

बोटुकली सोडण्याआधी हाप्यात, म्हणजे पाण्यात टांगलेल्या जाळीच्या पिशवीत, दहा पिल्लं बोडीच्या पाण्यात चोवीस तास ठेवून पाहिली. सगळी जिवंत होती. मग पहाटे साडेपाचला पिशव्या आणल्या, वीस मिनिटं बंद पिशव्याच पाण्यावर तरंगत ठेवल्या, मग तोंड उघडून बोडीचं पाणी थोडं थोडं आत घेतलं. पिल्लं स्वतःहून बाहेर पोहत गेली. जुलै २०२३ च्या त्या दुपारशी ही पहाट ताडून पाहताना मला रडू आलं होतं, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

आता तक्रारी. त्या आहेत, आणि लहान नाहीत.

सांडव्यावर यांनी बांबूची ताटी बसवली, कारण पावसात पाणी वाहू लागलं की कतला-रोहूसारखे कार्प प्रवाहाबरोबर निघून जातात, आणि खालून मरळ, टिलापिया वर चढतात. ताटी चांगली विणली होती. पण ती रोज साफ करावी लागते हे कुणी सांगितलं नाही. सप्टेंबरच्या एका रात्री पालापाचोळ्यानं ताटी बुजली, पाणी सांडव्यावरून जाईना आणि पाळीच्या माथ्यापर्यंत चढलं. भाचा टॉर्च घेऊन गेला म्हणून वाचलो. पाळ फुटली असती तर मासे गेलेच असते, खालच्या चार जणांचं धानही गेलं असतं. मी चिडून बोलले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सरळ ताटी काढून मध्ये टोक असलेली, दुप्पट लांबीची तिरकी ताटी बसवली, म्हणजे कचरा कडेला सरकतो आणि पाण्याला जागा राहते. पैसे घेतले नाहीत. पण हे पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं.

दुसरं, रोवणी-निंदणीच्या दिवसांत हे लोक मिळत नाहीत. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बांधीत (धानाच्या शेतात) असतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. पण सप्टेंबरातच एकदा चार दिवस आभाळ भरलेलं होतं आणि पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. भाच्यानं उत्साहानं शेणखत जास्त टाकलं होतं. ऊन नसलं की पाण्यातलं हिरवं शेवाळ दिवसा प्राणवायू कमी तयार करतं, आणि कुजणारं शेण रात्री उरलासुरलाही संपवतं. फोन केला तर बाबा बांधीतून चिखलाच्या पायांनीच आले, पण तोवर नऊ वाजले होते. शेजाऱ्याचा डिझेल पंप लावून बोडीचंच पाणी उंचावरून बोडीत पाडलं, शेण बंद केलं. चाळीसेक मासे गेले. कोपरापर्यंत हात पाण्यात घातल्यावर तळवा दिसेनासा झाला की खत थांबवायचं, ही साधी खूण त्यांनी त्या दिवशी सांगितली. ती ऑगस्टमध्ये सांगितली असती तर बरं झालं असतं. त्यांना सगळं ठाऊक असतं, पण आपण विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत, कारण त्यांच्या दृष्टीनं ते लहान पोरालाही माहीत असतं. म्हणून विचारत राहा.

तिसरं, लेखी काही नाही. दर महिन्याला दोघं येऊन फेकजाळ्यानं तीस-चाळीस मासे काढतात, वजन करतात, परत सोडतात, आठशे रुपये घेतात. काम चोख. पण आकडे कुणी लिहून ठेवत नाही, ते आपणच लिहायचे. नोव्हेंबरात कतला सरासरी ३८० ग्रॅम, रोहू २६०, मृगळ २१० भरला. मृगळ बारीक राहतोय हे वहीमुळे दिसलं, म्हणून आम्ही पुढच्या वेळी त्याची संख्या कमी करणार आहोत.

फेब्रुवारी ते मे २०२५ या काळात चार वेळा ओढणी झाली. एकदम सगळे काढले नाहीत, आधी मोठे, मग उरलेल्यांना जागा आणि खाणं मिळतं, तेही वाढतात. एकूण १,१३० मासे, ६१२ किलो. बहुतेक माल पाळीवरच किलोला १३० रुपयांनी गेला. चौथा हिस्सा गटाचा. निघालेल्या माशांत टिलापिया सहा होते. कुठून आले कळलं नाही, बहुधा वरच्या शेतातून पाण्याबरोबर. बाबा त्या सहांकडे बराच वेळ पाहत होते. शेततळ्यात ठेवलेल्या शिंगी-मागुरांपैकी अर्धे जून २०२४ मध्येच परत आणून सोडले होते, ते आता बोडीत आहेत आणि बारक्या माशांचे थवे पुन्हा काठाला दिसतात. सकाळी पाणकावळे येतात. त्यांना हाकलायला भाचा फटाके आणायचं म्हणत होता, मी नको म्हटलं. दोन हजारांतले थोडे त्यांचे.

काही जण विचारतील की थाई मांगूर, म्हणजे आपल्या मागुराचा परदेशी भाऊबंद, स्वस्त मिळतो, लवकर वाढतो, तो का नाही? त्याला देशात बंदी आहे, आणि तो पुरात बोडीबाहेर गेला तर नाल्यातलं काही शिल्लक ठेवणार नाही. यांच्याकडे कुणी त्याचं नाव काढलं तर ते पुढचं बोलणंच बंद करतात.

या गटाला बोलावायचं असेल तर जानेवारीत बोलवा, भर पावसाळ्यात नको. पाळीवर फिरायला दोन तास द्या, मध्ये बोलू नका. जेवणाची सोय करा, पहाटे पाण्यात उतरलेल्या माणसाला आठ वाजता गरम काहीतरी लागतं. माशांचा हिस्सा आधी ठरवा आणि जातवार ठरवा. मजुरी त्याच दिवशी द्या. ताटी, खत आणि ढगाळ दिवस या तीन गोष्टींबद्दल आपण होऊन विचारा. वजनकाटा आणि वही आपली ठेवा.

यंदा मेमध्ये बोडी पुन्हा गुडघाभर पाण्यावर आली तेव्हा त्या सहा टिलापियांमुळे ढेप टाकावी का, यावर आमच्यात दोन दिवस चर्चा झाली. बाबांनी ढेप नको म्हटलं. त्याऐवजी वीतभर लांबीच्या चार मरळी सोडल्या आहेत, टिलापियाची पिल्लं खायला. बोटुकली यंदा पाच इंचांची घ्यायची, मरळीच्या तोंडात मावणार नाही अशी. ती ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येणार आहे. नोव्हेंबरात जाळं ओढलं की चार मरळींनी काय केलं ते वहीत लिहीन.